ओहायोतल्या कॅथलिक हायस्कूलची कॅम्पस मिनिस्ट्री: एका हिंदू आईचा रिव्ह्यू

रेटिंग: ५ पैकी ४

ओपन हाऊसचा (शाळा बघायला बोलावतात तो दिवस) सीझन आला की आपल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो, कॅथलिक स्कूलला घालू का, आणि त्याखाली सगळी चर्चा एसएटी, एपी, रोबोटिक्स आणि फी यावर, आणि मग कुणीतरी हळूच विचारतं की ते धर्माचं वगैरे कितपत असतं हो? त्यावर एक जण लिहितो "काही नसतं, आमच्या भाच्याला काही झालं नाही" आणि विषय संपतो. धड माहिती कुणीच देत नाही म्हणून मी लिहितेय. पोरगा आता सीनियर म्हणजे बारावीत आहे, डायोसीसची म्हणजे बिशपच्या हाताखालची शाळा, मुलंमुली एकत्र. शाळेचं नाव लिहिणार नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि पोरगा अजून तिथेच शिकतोय.

घाईत असाल तर एवढंच वाचा. बाटवतील ही भीती असेल तर ती काढून टाका, आमच्याकडे तसं कुणी चुकूनही केलं नाही. पण "आम्ही फक्त शिक्षणासाठी घालतोय, धर्माच्या वेळी आमच्या मुलाला लायब्ररीत बसू द्या" असा प्लॅन असेल तर फॉर्म भरू नका, कारण ते होत नाही आणि होऊ पण नये, अर्धी शाळा त्यातच आहे.

मी स्वतः पुण्यात कॉन्व्हेंटला शिकले. आमच्याकडे कॅथलिक मुली कॅटेकिझमला जायच्या आणि बाकीच्या आम्ही मॉरल सायन्सला, म्हणजे खरं बोलावे, झाडे लावावी. इथे तशी वाटणीच नाही. चारही वर्षं थिऑलॉजी म्हणजे धर्मशास्त्र, सगळ्यांना, मार्क जीपीएत धरतात. अमेरिकेतल्या बिशपांच्या परिषदेने २००७ मधे हायस्कूलसाठी एक आराखडा ठरवला, बऱ्याच शाळा त्यावर चालतात, म्हणजे बायबल, येशू कोण, चर्च, संस्कार आणि ज्युनियर म्हणजे अकरावीच्या आसपास नीतिशास्त्र. माझ्या पोराला थिऑलॉजीत ए आणि केमिस्ट्रीत बी, आता बोला. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमधे दर पाचातलं साधारण एक मूल कॅथलिक नसतं, त्यामुळे शिक्षकांना आपल्यासारख्यांची सवय असते. तू विश्वास ठेव असं कुणी म्हणत नाही, पण चर्च काय मानतं ते तुला नीट मांडता आलं पाहिजे, परीक्षा त्याची.

आता कॅम्पस मिनिस्ट्री. थिऑलॉजी हा वर्ग झाला, कॅम्पस मिनिस्ट्री म्हणजे वर्गाबाहेरचं सगळं: रोजची प्रार्थना, मिस्सा म्हणजे मास, चर्चची सामूहिक उपासना (हा माझ्या वसईच्या मैत्रिणीचा शब्द, मला आवडतो), रिट्रीट म्हणजे बाहेर जाऊन चिंतनाचे दिवस, सेवेचे तास, कुणाच्या घरी कुणी वारलं तर तिथे जाणं. आमच्या शाळेत काउन्सेलरच्या ऑफिसशेजारी एक खोली आहे, दोन बसलेले सोफे, कोपऱ्यात गिटार, टेबलावर चॉकलेटचा बोल, आणि पोरं लंचमधे तिथे पडीक असतात, निम्मी चॉकलेटसाठी. ती चालवणारी बाई नन नाही, थिऑलॉजीत मास्टर्स केलेली, दोन लहान मुलांची आई. पूर्वी ह्या शाळा सिस्टर्सच्या जिवावर चालायच्या, आता शिकवणारे जवळपास सगळे संसारी लोक आहेत. चॅप्लेन म्हणजे शाळेचे धर्मगुरू म्हणून एक फादर आहेत पण त्यांच्याकडे पॅरिश म्हणजे एका भागाचं चर्च पण आहे, ते कायम धावपळीत. हाताखाली सीनियर मुलांची एक टीम असते आणि खरं काम तीच ओढते.

रोज सकाळी इंटरकॉमवर प्रार्थना, शेवटी शाळेच्या संताचं नाव घेऊन "आमच्यासाठी प्रार्थना कर", आणि लगेच त्याच आवाजात लंचला काय आहे ते. शाळा सुरू व्हायच्या आधी चॅपलमधे छोटी मिस्सा असते, ती ऐच्छिक, सात-आठ टाळकी. सगळ्या शाळेची मिस्सा मात्र महिन्यातून एकदा आणि सणांना, जिममधे, आणि त्याला सगळ्यांनी यायचंच. आमच्याकडे शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते त्यामुळे पहिली मोठी मिस्सा बरेचदा १५ ऑगस्टला येते, मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. म्हणजे आपला पोरगा स्वातंत्र्यदिनी ब्लेझर-टाय घालून जिमच्या बाकड्यावर. भारी वाटतं, पण घरी सांगायला गेलं की आधी अर्धा तास समजवावं लागतं.

सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेल्या. मालवणच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, प्रसाद देतात का? म्हटलं देतात पण आपल्याला नाही, कम्युनियन म्हणजे मिस्सेत देतात ती पवित्र भाकर, ती फक्त कॅथलिकांनाच. बाकीच्यांनी रांगेत जायचं असेल तर छातीवर हातांची फुली करून उभं राहायचं, फादर आशीर्वाद देतात, नसेल जायचं तर जागेवर बसायचं. "प्रसादाक नाय म्हणतत? खयचो देव हो!" आणि खरंच फार रागावल्या, बाटवतील ह्या भीतीपेक्षा हाच राग मोठा निघाला. नियम चर्चच्या कायद्यातलाच आहे, शाळेच्या हातात नाही, पण फ्रेशमन म्हणजे नववीतल्या पोराला पहिल्यांदा ते विचित्र वाटतं हे खरं. सगळी रांग उठते आणि तू एकटा बसतोस किंवा हात बांधून जातोस. शाळेने हे ओरिएंटेशनला आधी सांगावं, आमच्या वेळी नाही सांगितलं, पोराने पुढच्याचं बघून केलं. राखेच्या बुधवारी मात्र कपाळाला राख कुणालाही लावतात, त्याला अट नाही. पोरगा ती लावून आला आणि सासूबाई एकदम खूष.

लेंट म्हणजे उपवासकाळ सुरू झाला की शुक्रवारी कॅन्टीनमधे मांस बंद. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की हा नियम लागू, म्हणजे हायस्कूलच्या पोरांना बरोबर पकडतो. मासे चालतात. (हे ऐकून मालवणात काय प्रतिक्रिया झाली ते लिहीत नाही.) ओहायोत दर शुक्रवारी पॅरिशमधे फिश फ्राय असतो आणि आपल्यातले बरेच लोक धर्माशी काही संबंध नसताना तिथे रांगेत दिसतात, मी पण. मॅकडॉनल्ड्सचा फिले-ओ-फिश जन्मला तोही इथेच, सिनसिनाटीत, १९६२ मधे, कारण कॅथलिक वस्तीत शुक्रवारी बर्गर खपत नव्हते म्हणून तिथल्या फ्रँचायझीवाल्याने शोधला. होमरूममधे, म्हणजे हजेरीच्या वर्गात, पुठ्ठ्याचा राइस बोल ठेवतात, चिल्लर टाकायला. १९७५ मधे पेनसिल्वेनियातल्या ॲलनटाउनमधे सुरू झालेली गोष्ट, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही चर्चची मदतसंस्था चालवते, पाऊण पैसे जगभरातल्या कामाला आणि पाव भाग आपल्याच डायोसीसमधल्या भुकेल्यांसाठी. होमरूममधे चुरस लावतात कोण जास्त जमवतं, जिंकणाऱ्याला डोनट. भुकेल्यांसाठी पैसे जमवून डोनट. असो.

सेवेचे तास हा सगळ्या शाळांचा लाडका आकडा, ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतो, आणि सगळ्यात कमी विश्वास मी ज्यावर ठेवेन तो पण हाच. फॉर्मवर कुणाचीतरी सही आणायची, त्यात सगळं भागतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने काकांच्या ऑफिसात फाइली लावून तास भरले. फ्रेशमन-सोफमोर वर्षात हे असंच चालतं, फूड पँट्रीत डबे लावून फोटो काढून घरी.

पण त्याच शाळेत पॉलबेअरर मिनिस्ट्री म्हणून एक ग्रुप आहे आणि त्यासाठी मी एक स्टार एक्स्ट्रा द्यायला तयार आहे. ज्यांना कोणी नाही, नर्सिंग होममधे एकटे गेलेले, कधी बेघर, कधी जुने सैनिक ज्यांचं कुटुंब संपलंय, त्यांची शवपेटी उचलायला ही मुलं जातात. ओहायोतच सुरू झालेली गोष्ट आहे, क्लीव्हलंडच्या सेंट इग्नेशियस हायस्कूलमधे वीस वर्षांहून आधी, अरिमथाईच्या योसेफाच्या नावाने (येशूचा देह क्रूसावरून मागून घेऊन ज्याने स्वतःच्या थडग्यात ठेवला तो), आणि मग बऱ्याच शाळांनी उचलली. कॅथलिक लोक दयेची सात कामं मानतात, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी वगैरे, त्यात मेलेल्याला माती देणं हे एक.

आमचा पोरगा ज्युनियर वर्षात त्यात गेला, मित्र गेला म्हणून. आधी शिकवतात सगळं. इथे खांद्यावर घेत नाहीत, पेटीच्या बाजूला दांड्या असतात, तिघे-तिघे दोन्हीकडे, कमरेच्या उंचीवर धरायची, पायऱ्या उतरताना पुढच्यांनी वर घ्यायची म्हणजे कलत नाही, कुणी बोलायचं नाही, हातात पांढरे मोजे. पहिल्या वेळी फेब्रुवारी होता, जमीन गोठलेली, आणि तो शाळा अर्धी सोडून गेला. संध्याकाळी मी विचारलं किती माणसं होती, तर म्हणाला, आई आम्ही सहा जण, आमचे सर, डीकन (फादरच्या खालचा धर्मसेवक) आणि फ्युनरल होमचा एक माणूस. बस. त्या आजोबांचं नाव डीकनने मुलांना आधीच सांगितलं होतं आणि प्रार्थनेत मुलांनी ते मोठ्याने घेतलं, कारण घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

सासूबाईंनी त्याला गॅरेजमधेच थांबवला. आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. बाहेर उणे सहा आणि हा सूट घालून कुडकुडत उभा, मी म्हणतेय अहो आई त्याला आत तर येऊ द्या, तर नाही म्हणजे नाही, शेवटी लाँड्री रूममधून सरळ बाथरूम असा तह झाला. आंघोळ करून आला तर पुढ्यात कुळथाची पिठी आणि भात. जेवताना त्यांनी तीन-तीनदा विचारलं, कोण होता तो, मुलगे नव्हते का, आणि मग एकदम म्हणाल्या, बरा केलंस. नंतर मालवणला फोन करून जिला भेटेल तिला हीच गोष्ट. धर्म बदलतील की काय हा प्रश्न त्यांनी नंतर कधी काढला नाही.

आता कैरोस. इथून पुढे स्पॉयलर आहे, पोरं अजून जायची असतील तर मोबाइल लपवून वाचा, कारण सगळा खेळ गुपिताचा आहे. ज्युनियर-सीनियर मुलांचं चार दिवस तीन रात्रींचं रिट्रीट, शहराबाहेर. मूळ स्पेनमधल्या १९४० च्या दशकातल्या कुर्सिल्यो चळवळीत, पुढे अमेरिकेतल्या कॅथलिक हायस्कुलांनी, विशेषतः जेझुइट संघाच्या फादरांच्या शाळांनी, आपल्या मुलांसाठी घडवलं. फोन काढून घेतात, घड्याळं पण काढून घेतात, पुढे काय होणार ते सांगत नाहीत. बोलणारे फादर कमी, सीनियर मुलंच उठून आपल्या आयुष्याबद्दल बोलतात, आईबापांचा घटस्फोट, डिप्रेशन, भाऊ गेला, जे असेल ते, आणि मग छोट्या ग्रुपमधे बाकीचे. परत आलेले सगळे मिठ्या मारतात, गळ्यात क्रूस घालतात आणि विचारलं तर म्हणतात "सांगता येत नाही, तू जा". जाम वैताग येतो ते ऐकून.

आणि गुपितातलं गुपित म्हणजे आईबापांची पत्रं. महिनाभर आधी शाळेकडून ईमेल येतो, मुलाला कळू न देता त्याला पत्र लिहा, सल्ला नको, कॉलेजचं नाव नको, फक्त तो तुम्हाला का आवडतो ते लिहा. नातेवाईकांकडूनही मागवा. झालं का? आपल्याकडे पोराला असं कोण लिहितं? आमच्याकडे प्रेम म्हणजे "जेवलास का" आणि बापाचं प्रेम म्हणजे "अभ्यास झाला का". माझ्या पहिल्या ड्राफ्टमधे तीन सल्ले निघाले, ते खोडले तर खाली दोन ओळी उरल्या. नवरा, जो ऑफिसात दिवसभर ईमेल लिहितो, तो डायनिंग टेबलाशी रात्री बाराला बसलेला, समोर अर्धं पान, आणि मी गेले तर लॅपटॉप मिटला. मला अजून माहीत नाही त्याने काय लिहिलं. मालवणचं पत्र सासूबाईंनी वहीच्या पानावर मराठीत लिहून नणंदेकडून फोटो पाठवला, पोराला देवनागरी अडखळत येते, त्याने ते तिथे ग्रुपमधे बसून अक्षर लावत वाचलं म्हणे. त्या पानाचं प्रिंट त्याने पाकिटात ठेवलंय, आमची पत्रं ड्रॉवरमधे.

हे सगळं छान. पण दोन गोष्टी खटकल्या. एक, झोप. मुलं तीन रात्री नीट झोपत नाहीत, भावना उकळत्या, आणि अशा अवस्थेत सतरा वर्षांचं पोरगं जे बोलतं ते नंतर त्याला झेपतं का? आमच्या बॅचमधे एका मुलीने फार गंभीर गोष्ट सांगितली, मोठी माणसं सोबत होती आणि पुढे काउन्सेलरने लक्ष घातलं हे खरं, पण सोमवारी शाळेत सगळ्यांना माहीत होतं. गुपित ठेवायचं म्हणजे काय ह्याचं आणखी ट्रेनिंग हवं. दोन, जेवण. व्हेजिटेरियन लिहून दिलं तर चार दिवस चीज पिझ्झा. लेंटमधे स्वतः शुक्रवार पाळणाऱ्या शाळेला एवढं जमू नये?

बाकी तक्रारी पण लिहून टाकते. वर्ल्ड रिलिजन्सच्या युनिटमधे हिंदू धर्म साताठ दिवसात उरकला, एक जातींचा त्रिकोण, एक देवांचा तक्ता, आणि मग सगळा वर्ग आमच्या पोराकडे वळला, की तू सांग. त्याला काय सांगणार कप्पाळ, त्याला गणपतीची आरती सुद्धा दुसऱ्या कडव्यानंतर नुसती टाळ्या वाजवत येते. मी शिक्षकांना ईमेल केला, त्यांनी चांगलं घेतलं, पुढच्या वर्षी मंदिरात ट्रिप काढली, तर ठीक. नीतिशास्त्राच्या वर्षी गर्भपात, लग्न, समलिंगी संबंध ह्यावर चर्चची भूमिका शिकवतात आणि ती भूमिका मवाळ नाही. जानेवारीत वॉशिंग्टनला मार्च फॉर लाइफ ह्या गर्भपातविरोधी मोर्चाची बस जाते, ती ऐच्छिक आहे, पण बस शाळेची आहे. आमच्या घरी मतं वेगळी आहेत, त्यामुळे त्या वर्षी जेवणाच्या टेबलावर रोज वाद, आणि एक सांगते, पोरगा वाद घालायला शिकला तो तिथेच, उलट प्रश्न विचारला म्हणून मार्क कधी कापले नाहीत. पण तुमचं मूल स्वतः गे असेल किंवा त्या शोधात असेल तर मी डोळे झाकून ही शाळा सुचवणार नाही. आधी कॅम्पस मिनिस्टरला जाऊन भेटा, सरळ विचारा, आणि उत्तर देताना त्या माणसाचा चेहरा बघा. कारण हे सगळं शेवटी त्या खोलीत कोण बसलंय ह्यावर आहे. आमच्या पोराचा एका मॅचनंतर गुडघा गेला आणि सीझन संपला, कोचचा मेसेज आला, पण दोन आठवडे रोज लंचला त्याच्याशेजारी येऊन बसली ती ही बाई, आणि देवाचं नाव काढलं नाही म्हणे, यूनो खेळायची. उद्या ती सोडून गेली तर माझे ४ स्टार ३ होतील.

फी. ओहायोत २०२३ पासून एडचॉइस व्हाउचर (खासगी शाळेच्या फीला राज्याची मदत) सगळ्या उत्पन्नाच्या लोकांना खुलं केलंय पण पगार वाढतो तशी रक्कम घसरते, दोघं आयटीत असाल तर हातात चणे-फुटाणे. वर कैरोसचे वेगळे, ॲपलेशियाला (इथला डोंगराळ, गरीब भाग) घरं दुरुस्त करायला जातात त्या ट्रिपचे वेगळे, ब्लेझर वेगळा. ॲपलेशियाची ट्रिप पैसे वसूल आहे, पोराला ड्रायवॉल लावता येतो आता, आमच्या बेसमेंटचं काम त्यानेच केलं. रिट्रीटला पैसे कमी पडत असतील तर मिनिस्ट्री ऑफिसला हळूच सांगा, देतात, गाजावाजा करत नाहीत.

ओपन हाऊसला जाल तेव्हा सायन्स लॅब बघून परत येऊ नका, सगळ्या लॅब सारख्याच असतात. लंचच्या वेळी मिनिस्ट्रीची खोली दाखवा म्हणा. रिकामी आणि चकाचक असेल तर दुसरी शाळा बघा. कॅथलिक नसलेली मुलं रिट्रीटला लीडर होऊ शकतात का विचारा, आमच्याकडे होतात, सगळीकडे होत नाहीत. मिस्सेला आमच्या मुलाने काय करायचं ते आधी कोण समजावतं तेही विचारा.

आमच्या धाकटीची प्लेसमेंट टेस्ट (प्रवेशाआधीची परीक्षा) डिसेंबरात आहे, तिला याच शाळेत घालतोय. तिने आधीच जाहीर केलंय की तिला पॉलबेअररमधे जायचंय, आणि सासूबाईंनी फोनवर विचारलं, गॅरेजात हीटर बसवलात काय?